ठासणीच्या बंदुकीला दुर्बीण

ठासणीची बंदूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक तर शिवकाल येतो, नाहीतर कोकणातल्या घरात रानडुकरांपासून शेत राखायला परवाना काढून घेतलेली जुनी बंदूक. ओहायोत राहणाऱ्या माणसाने पन्नाशी उलटल्यावर तशी बंदूक घेऊन जानेवारीच्या थंडीत हरणामागे जावं, आणि वर तिच्यावर दुर्बीण बसवावी, हे घरच्यांना जरा विचित्रच वाटतं. त्यात कुठली दुर्बीण घ्यावी यावर मी तीन आठवडे घालवले म्हटल्यावर बायकोने हातच जोडले :)

(बंदुकीवरच्या दुर्बिणीला इथे सगळे स्कोप म्हणतात. पुढे मीही तसंच म्हणतो, म्हणजे गळ्यातल्या दुर्बिणीशी घोळ होणार नाही.)

आधी थोडं बंदुकीबद्दल. आजची ठासणीची बंदूक आजोबांच्या बंदुकीसारखी दिसत नाही. १९८५ मध्ये मिझुरीतल्या टोनी नाइट या माणसाने एमके-८५ नावाची बंदूक बाजारात आणली. तिच्यात ठिणगी नळीच्या बरोबर मागून, सरळ रेषेत बारुदापर्यंत जाते. तेव्हापासून या बंदुका दिसायला साध्या रायफलीसारख्या झाल्या. पण मूळ काम तेच. नळीच्या तोंडातून मोजून बारूद टाकायची, वरून गोळी गजाने ठासायची, मागे टोपी लावायची. मग एक बार. दुसरा हवा असेल तर सगळं पहिल्यापासून, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी, आणि तोपर्यंत हरीण दुसऱ्या तालुक्यात!

हा "एक बार" लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

स्कोप लावायचा की नाही हे पुष्कळदा आपल्या हातातच नसतं. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसनंतरचा एक हंगाम १९७४ पासून फक्त गारगोटीच्या चापाच्या बंदुकांसाठी राखलेला आहे, तिथे स्कोपचं नाव काढायचं नाही. कोलोरॅडोतही ठासणीच्या हंगामात स्कोप चालत नाही. युटाची गंमत अशी की त्यांनी २०१६ मध्ये मोठं दाखवणाऱ्या स्कोपला परवानगी दिली आणि २०२४ मध्ये त्या हंगामापुरती ती काढून घेतली. सोयी वाढत गेल्या की लोक लांबून लांबून बार टाकायला लागतात, आणि मग हा हंगाम वेगळा ठेवण्याला अर्थ काय राहिला, असा तो वाद. मला तो पटतो. ओहायोत मात्र स्कोप चालतो, त्यामुळे ठरवायचं काम माझ्यावर आलं.

मला स्कोप का हवा झाला? सरळ कारण आहे, चाळिशी. साध्या बंदुकीवर मागे खाच असते, पुढे नळीच्या टोकाला माशी असते, आणि त्यापलीकडे हरीण. या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या अंतरांवर. तरुण डोळा झटपट एकीवरून दुसरीवर जातो आणि तिन्ही स्पष्ट असल्याचा भास होतो. आता माझ्या डोळ्याला माशी दिसली तर खाच पुसट, खाच दिसली तर हरीण पुसट. स्कोपमध्ये अधिक चिन्हासारखी फुली आणि हरीण दोन्ही डोळ्याला एकाच अंतरावर दिसतात. तो मोठं दाखवतो त्यापेक्षा माझ्या वयाच्या माणसाला हा उपयोग जास्त.

तर दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा अगदी उत्साही. त्याने पहिल्यांदा काढला तो ४-१६×५०. म्हणजे वस्तू चारपासून सोळापट मोठी दिसते आणि पुढची काच ५० मिलिमीटरची. दुकानाच्या दुसऱ्या टोकाच्या डब्यावरची बारीक अक्षरं त्यातून वाचता येत होती. "याने दोनशे यार्डांवरचं हरीण काही विशेष नाही," असं तो म्हणाला.

नेमकी इथेच माझी गाडी अडली. दोनशे यार्डांवरचं हरीण *दिसणं* विशेष नाही, हे खरं. पण माझी गोळी? १०० ग्रेन बारूद आणि २५० ग्रेनची गोळी हा माझा नेहमीचा हिशोब. १०० यार्डांवर नेम बसवला तर २०० यार्डांवर ती गोळी फूटभर किंवा त्याहूनही खाली जाते. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जेमतेम आठ इंचांचं वर्तुळ. आता कोणी म्हणेल, तेवढं वर धरा, किंवा अंतराच्या खुणा असलेली फुली घ्या. ठीक आहे. पण गोळीला तिथे पोचायला ०.४ सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात चरणारं हरीण एक पाऊल पुढे टाकतं. मग फुप्फुसाला लागायची ती गोळी पोटात लागते. त्या पावलावर कुठल्याही काचेचा इलाज नाही.

पोटात गोळी लागलेलं हरीण लगेच पडत नाही. ते पळतं, झाडीत शिरतं, तासन् तास तडफडतं. कितीदा सापडतही नाही. ठासणीच्या बंदुकीत आणखी भर म्हणजे बार झाला की समोर पांढऱ्या धुराचा पडदा. हरीण कुठे गेलं, त्याला लागलं की नाही, काही दिसत नाही. मला शिकवणारे शेजारचे म्हातारेबुवा म्हणायचे, बार टाकण्याआधी हरणाशेजारचं एक झाड मनात पक्कं करून ठेव, नंतर रक्ताचा माग तिथूनच काढायचा. रक्ताचा माग काढत दोन तास चिखलात फिरलेल्या माणसाला सोळापटीची हौस राहत नाही.

म्हणून मी उलट बाजूने विचार केला. ओहायोच्या रानात मला हरणं दिसतात ती बहुतेक ३० ते ८० यार्डांवर, झाडांच्या फटीतून, तेही पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. कायद्याने सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढी वेळ मिळते, आणि हरणांची ये-जा त्या टोकांनाच. जवळच्या हरणावर जास्त पटीचा स्कोप धरला तर नुसते करडे केस दिसतात, खांदा कुठला आणि मांडी कुठली कळत नाही. दोनपटीवर मात्र १०० यार्डांवरचा चाळीसेक फुटांचा पट्टा दिसतो. हरीण लगेच सापडतं, त्याच्या मागे दुसरं हरीण, घर किंवा माणूस आहे का तेही दिसतं.

उजेडाचाही साधा भागाकार आहे. पुढच्या काचेच्या मिलिमीटरला पटीने भागायचं, की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. ४० मिलिमीटरची काच नऊपटीवर साडेचार मिलिमीटरसुद्धा देत नाही. ३२ ची छोटी काच चारपटीवर ८ देते. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते, माझ्या वयात त्याहून कमी. म्हणजे छोटी काच, कमी पट, आणि तिन्हीसांजेला मला पुरून उरेल एवढा उजेड. मोठ्या काचेचं वजन आणि पैसे दोन्ही वाचले.

तिसरी गोष्ट डोळ्याच्या अंतराची. या बंदुका खांद्याला सणसणीत धक्का देतात. स्कोप डोळ्याच्या फार जवळ धरावा लागत असेल तर त्याची कडा भुवईवर अर्धचंद्र कोरते. असे अर्धचंद्र मिरवणारे दोघं-तिघं मला माहीत आहेत. निदान साडेतीन इंच, जमल्यास चार इंच अंतरावरून पूर्ण चित्र दिसलं पाहिजे, आणि तेही जाड जाकीट घातल्यावर. म्हणून दुकानात मी जाकीट घालूनच बंदूक खांद्याला लावून पाहिली. मुलगा हसला, पण त्याने पाहू दिलं.

शेवटी २-७×३२ घेतला. फुली साधी, कडांना जाड आणि मध्ये बारीक, म्हणजे अंधारातही सापडते. खुणाबिणा काही नाहीत. शिवाय स्कोप घोड्याच्या अगदी वर येतो म्हणून अंगठ्याला बाजूने ओढता येईल असा छोटा दांडा घोड्याला लावून घेतला. मग मैदानात जाऊन प्रत्येक बारानंतर नळी पुसत १०० यार्डांवर नेम बसवला. काजळी साचली की गोळी भरकटते, त्यामुळे त्यात घाई करून चालत नाही.

गेल्या जानेवारीत कापलेल्या मक्याच्या शेतापलीकडे एक मोठा नर उभा होता. अंतर मोजलं, १८० यार्ड. गळ्यातल्या दुर्बिणीतून त्याला मनसोक्त पाहिलं, शिंगं मोजली. बंदूक मांडीवरच होती. थोड्या वेळाने तो ओढ्याकडे उतरून गेला. त्या हंगामात मला काही मिळालं नाही, आणि फ्रीजरमध्ये जागा राहिली म्हणून घरात कोणी रडलंही नाही :)

पुण्याच्या मावशीने मागे विचारलं होतं, "अरे, मारायचंच आहे तर जवळून काय नि लांबून काय?" मावशी, फरक आहे गं. मी मारतो हे मी नाकारत नाही, आणि तुला ते आवडत नाही हेही मला कळतं. पण एकच बार असेल तर तो कधी टाकायचा नाही हे आधी ठरलेलं असावं लागतं. माझं १०० यार्डांवर ठरलंय, आणि स्कोप मी त्या मापाचा घेतला.

असो. बारुदीबद्दल आणि नंतरच्या साफसफाईबद्दल (तो एक वेगळाच व्याप आहे, बायकोला विचारा) पुन्हा केव्हातरी.