चंद्रप्रभेच्या रानात एक रात्र

काशीची यात्रा गंगास्नानाने पूर्ण होते. परंतु तेथून सुमारे ७० किलोमीटरांवर, विंध्याच्या रांगांत, चंद्रप्रभा अभयारण्य आहे, हे यात्रेकरूंच्या गावीही नसते. ऐन श्रावणात राजदरी धबधब्याजवळील विश्रामगृहात आम्ही उतरलो. आफ्रिकेतील अरण्यनिवासांत म्हणे ओसरीवर बसल्या बसल्या सिंह दिसतात. येथेही ते दिसले असते! १९५७ साली गीरहून एक सिंह व दोन सिंहिणी आणून या रानात सोडल्या होत्या. १९६५ पर्यंत ते अकरा झाले आणि पुढे नाहीसेच झाले. शिकार अथवा विषप्रयोग झाला असावा, असा तर्क आहे. रात्री चौकीदाराने दाराला कडी लावावयास बजावले, ती अस्वलांसाठी. आम्ही मात्र उशिरापर्यंत कान देऊन बसलो होतो. पाण्याचा घोष तेवढा ऐकू येत होता.