लोखंडी मुखवट्याच्या बेटावर

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे कान हे गाव म्हणजे सिनेमावाल्यांचे पंढरपूर आहे, असे म्हटले तर वारकरी मंडळींनी रागावू नये. दर वर्षी तिथे यात्रा भरते, दिंड्या येतात, आणि विठोबाऐवजी नटनट्यांचे दर्शन घेऊन भाविक तृप्त होतात. आपल्याला या क्षेत्राचा अभिमान वाटावा असेही एक कारण आहे. १९४६ साली तिथे पहिला चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा सर्वोच्च पारितोषिक ज्या चित्रपटांना विभागून मिळाले त्यांत चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ होता. पण कानच्या धक्क्यावर उभे राहून समुद्राकडे पाहिले, तर महोत्सवाच्या त्या भव्य प्रासादासमोर, जेमतेम मैलभर अंतरावर, पाइन वृक्षांनी गच्च भरलेले एक हिरवे बेट दिसते. त्याचे नाव सेंत मार्गरीत. एका बाजूला सिनेमाचे देऊळ आणि समोर एक जुना तुरुंग, आणि त्या तुरुंगातल्या एका कैद्यावर निघालेल्या चित्रपटांची संख्या मोजायला दोन्ही हातांची बोटे लागतात! नियतीलाही कधी कधी नेपथ्याची चांगली जाण असते.

हा कैदी म्हणजे लोखंडी मुखवट्यातला माणूस. अलेक्सांद्र द्यूमाने त्याला जगभर नेले. ‘थ्री मस्केटीअर्स’च्या शूर शिलेदारांची कथा त्याने पुढे वाढवत नेली आणि १८४७ ते १८५० या काळात क्रमशः छापलेल्या अखेरच्या प्रचंड कादंबरीत हा कैदी आणला. चौदाव्या लुईला एक जुळा भाऊ आहे, त्याचे नाव फिलिप. राज्याला दोन वारस नकोत म्हणून त्याला जन्मापासून लपवले आहे. मस्केटीअरांतला धूर्त आरामीस एका रात्री राजाला उचलून तुरुंगात टाकतो आणि फिलिपला गादीवर बसवतो. पण अर्थमंत्री फुके राजनिष्ठ निघतो, कट फसतो, आणि बिचाऱ्या फिलिपच्या चेहऱ्यावर मुखवटा चढवून त्याची रवानगी याच सेंत मार्गरीत बेटावर होते. ज्या दार्तान्यांवर आपण सारे लहानपणापासून प्रेम करत आलो, तोच त्याला इथे पोचवतो.

आता गंमत अशी की सिनेमावाल्यांना हा शेवट कधीच मानवला नाही. १९२९ साली डग्लस फेअरबँक्सने ‘द आयर्न मास्क’ काढला. त्यात त्याने जुळ्यालाच खलनायक करून टाकले. मुखवटा चढतो तो खऱ्या राजावर, आणि दार्तान्यां प्राण देऊन त्याला वाचवतो. १९३९ साली जेम्स व्हेलच्या चित्रपटात उलटे झाले. तिथे लुई दुष्ट, फिलिप सज्जन, आणि शेवटी सज्जनाला गादी. दोन्ही भूमिका लुई हेवर्डने केल्या. १९९८ साली लिओनार्दो डिकॅप्रिओचा दुहेरी भूमिकेचा चित्रपट आला, त्यातही फिलिपच राजा होतो. मी त्या वेळी कॉलेजात होतो. चारही म्हातारे मस्केटीअर बंदुकांच्या तोंडावर धावून जातात तेव्हा आमच्या रांगेतली मुले अक्षरशः उभी राहिली होती. तलवारींचा खणखणाट, भुयारे, मुखवट्यांचे नृत्य, ऐन वेळी उघडणारा चोरदरवाजा, आणि एकाच चेहऱ्याची दोन माणसे! ‘राम और श्याम’वर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला यात परके असे काहीच वाटत नाही.

माझे मेव्हणे तिकडे आँतीबजवळच्या सोफिया आँतिपोलीस या उद्योगनगरीत नोकरीला आहेत. गेल्या सुट्टीत आम्ही तिघे, म्हणजे मी, सौभाग्यवती आणि चौदा वर्षांची कन्या, त्यांच्याकडे गेलो होतो. कन्येने तो डिकॅप्रिओचा चित्रपट जाण्यापूर्वीच दोनदा पाहिला होता. त्यामुळे कानच्या रस्त्यावरच्या दुकानांपेक्षा या बेटाची ओढ तिलाच अधिक. दुकानांच्या बाबतीत तिच्या आईचे मत निराळे होते, पण बहुमतापुढे तिने मान तुकवली.

कानहून बोट निघाली की पाव तासात बेट येते. बेट तीनएक किलोमीटर लांब, रुंदी एका किलोमीटरच्या आतच. मोटारी नाहीत. पाइन आणि निलगिरीच्या झाडांचा वास इतका दाट की क्षणभर उटीला आल्यासारखे वाटावे. उत्तरेच्या कड्यावर किल्ला आहे. १६३५ साली स्पॅनिश सैन्याने बेट घेतले, दोन वर्षांनी फ्रेंचांनी ते परत मिळवले, आणि पुढे व्होबाँ या प्रख्यात दुर्गतज्ज्ञाने किल्ला मजबूत केला. आपल्या जलदुर्गांची सवय असलेल्या माणसाला त्याची तटबंदी फारशी दरारा वाटावी अशी नाही. सिंधुदुर्ग पाहिलेल्या सौभाग्यवतींनी तर “एवढाच?” असा शेरा मारलाच.

पण आत शिरल्यावर शेरे थांबतात. त्या कैद्याची कोठडी आता संग्रहालयाचा भाग आहे. उंच घुमटी छताची, ओकीबोकी, दगडी खोली. भिंत एवढी जाड की खिडकी म्हणजे एक लांबट बोगदाच, आणि त्यात एकामागे एक लोखंडी गजांच्या तीन जाळ्या. त्यांतून निळ्याशार समुद्राचा तुकडा दिसतो. बाहेर एवढा उजेड आणि आत एवढा गारवा, की सौभाग्यवतींनी नकळत पदर खांद्यावरून ओढून घेतला.

“याला जेवण कोण आणून देत असे?” तिने विचारले. बायकांचे प्रश्न इतिहासकारांच्या प्रश्नांपेक्षा पुष्कळदा सरळ असतात. आणि याचे उत्तर कागदोपत्री आहे. जुलै १६६९ मध्ये युद्धमंत्री लूव्वाने आल्प्समधल्या पिन्येरोल किल्ल्याचा अधिकारी सँ-मार याला पत्र लिहून कळवले की एक कैदी पाठवत आहोत. त्याला दिवसातून एकदा अधिकाऱ्याने स्वतः लागेल ते नेऊन द्यावे. आपल्या गरजांखेरीज त्याने काही बोलायचा प्रयत्न केला, तर ठार मारण्याची धमकी द्यावी. फार सामानसुमान मात्र नको, कारण हा माणूस केवळ एक चाकर आहे!

पत्रातले नाव आहे युस्ताश दोजे. सँ-मारची जिथे जिथे बदली झाली तिथे तिथे तो या कैद्याला सामानासारखा घेऊन गेला. पिन्येरोलनंतर एक्झील, १६८७ साली हे बेट, आणि अकरा वर्षांनी, १६९८ साली, पॅरिसचे बास्तीय. तिथल्या अधिकाऱ्याने नोंदवहीत मुखवट्याचा उल्लेख केला आहे, पण तो मुखवटा लोखंडाचा नव्हे, काळ्या मखमलीचा. १९ नोव्हेंबर १७०३ रोजी कैदी मरण पावला आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच नावाने पुरला गेला. चौतीस वर्षे! आणि गंमत पाहा: पिन्येरोलला असताना याच कैद्याला फुकेचा सेवक म्हणून कामाला लावले होते. हा फुके तोच, ज्याने वो-ल-व्हिकोंत या आपल्या प्रासादात १७ ऑगस्ट १६६१ रोजी राजाला डोळे दिपवणारी मेजवानी दिली, आणि तीन आठवडे उलटतात न उलटतात तोच राजाच्या हुकमाने पकडला गेला. पकडणारा अधिकारी होता खराखुरा दार्तान्यां. १९९८ च्या चित्रपटाचे काही चित्रण याच प्रासादात झाले.

मखमल लोखंडाची झाली आणि चाकराचा राजबंधू झाला, यात व्हॉल्तेरचा हात मोठा. त्याने एक गोष्ट सांगितली आहे. कैद्याने चांदीच्या ताटावर सुरीने काहीतरी कोरले आणि ताट खिडकीतून बाहेर फेकले. ते एका कोळ्याला सापडले. त्याने ते इमानाने किल्लेदाराकडे आणून दिले. किल्लेदाराने त्याला विचारले, तुला वाचता येते का? नाही म्हणताच तो म्हणाला, तू भाग्यवान आहेस. द्यूमाने हे ताट आपल्या कादंबरीत घेतले. आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवण्याचा पगार खाणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट चांगलीच बोचते.

पण खरा चटका पुढेच आहे. मुखवटेवाल्याने ताट फेकल्याचा कोणताही पुरावा नाही. भांड्यांवर लिहिणारा कैदी इथे होता खरा, पण तो दुसराच. १६८५ साली चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. त्यानंतर देशात गुपचूप परत येऊन उपदेश करणारे सहा धर्मोपदेशक पकडून या किल्ल्यात एकेकटे कोंडले गेले. त्यांतला साल्व्ह हा आपल्या कथलाच्या भांड्यांवर आणि कपड्यांवर लिहीत असे. लिहिण्यासाठी त्याच्याजवळ दुसरे काहीच नव्हते. पॉल कार्देल रात्रंदिवस मोठ्याने स्तोत्रे गात असे. यांतल्या कित्येकांना पुढे वेड लागले. म्हणजे राजपुत्राच्या कथेने या बिचाऱ्यांचे ताटसुद्धा पळवले! कथलाची चांदी झाली आणि लिहिणाऱ्याचे नाव पुसले गेले.

मला सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवला. पानिपतावर १७६१ साली भाऊ नाहीसे झाले, आणि पुढे एका सामान्य माणसाने आपणच भाऊ असल्याचे सांगितले. पुष्कळांनी ते मानले, बंड झाले, आणि १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा झाली. आपल्याकडे सामान्य माणूस राजपुरुष व्हायला गेला आणि जिवाला मुकला. इथे एका चाकराला, त्याच्या मरणानंतर, त्याला न विचारता लोकांनी राजपुत्र केले. दोन्हीकडे भूक एकच. आपल्याला हरवलेला राजा परत हवा असतो.

“म्हणजे सिनेमा खोटाच ना, बाबा?” कन्येने विचारले. मी सवयीप्रमाणे व्याख्यान सुरू केले. म्हटले, अगं, एका माणसाला कारण न सांगता चौतीस वर्षे कोंडले, हे मनाला सोसवत नाही. म्हणून लोकांनी त्या दुःखाच्या तोडीचे कारण शोधले. एवढा मोठा अन्याय, तर माणूसही मोठाच असला पाहिजे. कादंबरीकाराने त्याला रक्त दिले, सिनेमावाल्यांनी मुकुट दिला. यात खोटेपणापेक्षा दयाच अधिक आहे.

तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “पण तो नुसता नोकर असला, तरी तेवढंच वाईट ना?”

यावर मला बोलता आले नाही. तिच्या आईने तेवढ्यात तिच्या पाठीवर हात ठेवला.

किल्ल्यातून बाहेर पडून आम्ही झाडीतल्या वाटेने फिरलो. तिथे एक मुसलमानी दफनभूमी आहे. १८४३ साली अल्जीरियाच्या अब्द अल-कादीरचा तळ फ्रेंचांनी लुटला, तेव्हा पकडलेली बायकामुले, म्हातारे याच बेटावर आणून ठेवले होते. त्यांतले परत न गेलेले लोक इथे आहेत. दगडांची साधी वर्तुळे, वर पाइनच्या सुया पडलेल्या. चित्रपटाला साजेशी सुटका या किल्ल्यातून खरोखर एकदाच गाजली, तीही १८७४ साली आणि एका मार्शलची: मेत्झचे ठाणे शत्रूच्या स्वाधीन केल्याबद्दल शिक्षा भोगणारा, त्रेसष्ट वर्षांचा स्थूल बाझेन रात्री निसटला. धर्मोपदेशक सुटले नाहीत, अल्जीरियाची बायकामुले सुटली नाहीत, आणि चाकरही सुटला नाही.

बोटीच्या वेळेपूर्वी कन्या पुन्हा किल्ल्यात गेली. मुखवट्याच्या कोठडीशी गर्दी होती, फोटोंची झुंबड होती. ती तिथे थांबली नाही. शेजारच्या धर्मोपदेशकांच्या रिकाम्या कोठडीपाशी जाऊन ती उभी राहिली आणि ज्यांची नावे मी सांगितली होती ती दोन्ही तिने हळू आवाजात उच्चारली: साल्व्ह. कार्देल. मग जरा थांबून तिसरे नाव घेतले: युस्ताश दोजे. फ्रेंच उच्चार पुणेरी होते, पण त्या भिंतींनी तक्रार केली नाही.