हौशी ठोसे

दुबईत राहतो म्हटलं की पुण्याचे नातेवाईक बुर्ज खलिफा, सोनं आणि उन्हाळा या तीनच गोष्टी विचारतात. संध्याकाळी काय करतोस, असं विचारल्यावर मी "बॉक्सिंग शिकतोय" म्हटलं की फोनवर जरा शांतता पसरते. मग आई विचारते, "का रे, कोणाशी भांडण झालंय का?"

आपल्यात कोण करतं बॉक्सिंग, हा तिचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवलेले पेटकर 2024 च्या 'चंदू चॅम्पियन' सिनेमामुळे घराघरात पोचले. पण ते आधी लष्करातले बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या नसत्या तर कदाचित ते पोहण्याकडे वळलेही नसते. एवढं सांगितल्यावर आई गप्प बसते. पटलेलं नसतंच, पण गप्प बसते.

आता आमच्या क्लासबद्दल. खाडीच्या या बाजूची जुनी वस्ती म्हणजे बर दुबई. मीना बाझारची कापडाची दुकानं, एक दिरहम देऊन पलीकडे डेऱ्याला जाणाऱ्या आब्रा नावाच्या होड्या, आणि दर दहा पावलांवर करक चहा (हा 'करक' म्हणजे आपला 'कडक'च). इथल्या जुन्या बिल्डिंगांमध्ये तळमजला आणि पहिला मजला यांच्यामध्ये एक मेझनीन असतो, लिफ्टमध्ये त्याचं बटण 'एम'. आमचा क्लास तिथे. चार पंचिंग बॅगा, एक आरसा, आणि रबराच्या मॅटवर चिकटपट्टीने आखलेला चौकोन. तोच आमचा रिंग. दोर नाहीत. कोच फिलिपिनो, बोलणं कमी, शिट्टी जास्त.

शिकायला येणारे कोण? केरळची एक नर्स, कार्गो कंपनीतला एक पाकिस्तानी अकाउंटंट, एक इजिप्शियन सेल्समन, मी, आणि रत्नागिरीकडचा एक शिंपी. माझी पीएचडी कळल्यापासून तो मला 'डॉक्टर' म्हणतो आणि मी त्याला 'भाई'.

बॉक्सिंग म्हणजे हाताचं काम, हा समज पहिल्याच आठवड्यात गेला. आधी साडेचार मीटर लांबीची पट्टी हाताला गुंडाळायला शिकायचं. मनगट, अंगठा, बोटांच्या मधून, परत मनगट. मग चालायला शिकायचं! पाय एकमेकांवर न टाकता पुढे, मागे, बाजूला. ठोसा निघतो मागच्या पायातून, कंबर त्याला वळवते, खांदा पुढे सरकतो आणि हात फक्त पोचवतो. माझं कामच आघात आणि कंपनांचं गणित मांडायचं, त्यामुळे हे सगळं मला माहीत होतं. कागदावर. शरीराला कळायला दोन महिने लागले.

खरी अडचण पुढे आहे. ठोसा मारणं कोणीही शिकतं. येणाऱ्या ठोशाकडे डोळे उघडे ठेवून बघणं, हे अवघड. पापणी आपोआप मिटते, हनुवटी वर जाते, श्वास थांबतो. नर्सबाई म्हणाल्या, "इंजेक्शन घेणारे पेशंट तोंड का फिरवतात ते मला आत्ता कळलं."

क्लासमध्ये जोड्या लावतात त्या वजनावर. वाचायला साधी गोष्ट वाटेल, पण या शहरात राहून बघा. इथे माणूस कुठे राहतो, कोणाबरोबर जेवतो, बायको-मुलांना आणू शकतो की नाही, हे बरंचसं पगार ठरवतो. पासपोर्ट कुठला, यावरही पुष्कळ अवलंबून. आणि इथे एक कोच तुम्हाला वजनकाट्यावर उभं करतो, आकडा वहीत लिहितो आणि जोड लावतो. आपल्या आखाड्यात लावतात तशीच. 2010 च्या दशकात डेऱ्याला जुन्या मासळी बाजाराजवळच्या मोकळ्या मातीत दर शुक्रवारी संध्याकाळी कुस्त्या व्हायच्या. बहुतेक पैलवान भारत-पाकिस्तानातले कामगार. हप्ताभर कामावर राबायचे आणि त्या संध्याकाळी लोक त्यांना नावाने ओळखायचे.

माझं वजन 72, भाईचं 72. तेव्हा आमची जोड ठरलेलीच.

वर्षभराने कोचने क्लासमध्येच छोटे सामने ठेवायचं ठरवलं. दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड, बघायला मित्रमंडळी. ही कल्पना तशी जुनी. न्यूयॉर्कच्या ग्लिसन्स जिममध्ये 1980 च्या दशकात नोकरदार मंडळी रिंगमध्ये उतरायला लागली आणि 'व्हाइट कॉलर बॉक्सिंग' जगभर पसरलं. दुबईतही हॉटेलांच्या हॉलमध्ये, जेवणाच्या टेबलांसकट अशा रात्री होतात. आमच्याकडे टेबलं नव्हती, फक्त चहा.

भाईचा जॅब क्लासमध्ये सगळ्यात चांगला. सगळ्यांना वाटलं तो आनंदाने हो म्हणेल. तो म्हणाला, "नाही."

नंतर चहा पिताना त्याने मला कारण सांगितलं. "डॉक्टर, तुमचं बोट मोडलं तर तुम्ही नऊ बोटांनी टाइप कराल. माझी कात्री नऊ बोटांनी चालत नाही. आणि ईद दीड महिन्यावर आलीय. वर्षाची कमाई या दिवसांतच."

त्याचं बरोबर होतं. करंगळीच्या मुळाशी तळहातात जे हाड असतं, ते मोडण्याला डॉक्टरी भाषेत नावच 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' आहे. डोक्याच्या कवटीसारख्या टणक जागी ठोसा वाकडा बसला की ते मोडतं. वजन सारखं असलं तरी आमच्या हातांची किंमत सारखी नव्हती. मोडलेलं बोट माझ्यासाठी मीटिंगमधला विनोद ठरलं असतं. त्याच्यासाठी तो घरी न गेलेला पैसा होता.

मग मी माझ्या बाजूने हिशोब केला. माझी रोजीरोटी डोक्यावर. ग्लव्हज मारणाऱ्याचा हात वाचवतात, समोरच्याचा मेंदू नाही. हनुवटीवर ठोसा बसला की डोकं झटक्यात फिरतं, आणि मेंदूला इजा होते ती मुख्यतः या फिरण्यामुळे. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, हा झटका थांबत नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर हेडगार्डशिवाय खेळले, त्यामागे हाही वाद होता.

म्हणजे त्याचा हात आणि माझं डोकं, दोन्हींना धोका एकाच ठिकाणी. आम्ही दोघं कोचकडे गेलो आणि म्हटलं, डोक्यावर ठोसा नाही, फक्त खांद्याखाली आणि कमरेच्या वर. ग्लव्हज 16 औंसचे, मोठे. मला वाटलं कोच हसेल. तो म्हणाला, "बॉडी स्पारिंग. मनिलात आम्ही पोरं असंच शिकलो." त्या दिवशीच्या पाचही जोड्या मग याच नियमाने लढल्या. नर्सबाईंनी तर सुटकेचा निःश्वास सोडला.

मी हरलो. दुसऱ्या राउंडमध्ये भाईचा डावा हुक बरगड्यांखाली बसला आणि श्वास म्हणजे काय ते कळलं. चार दिवस हसताना दुखत होतं. भाई दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दुकानात सुईत दोरा ओवत होता.

मराठीत आपण अमॅच्युअरला 'हौशी' म्हणतो, तो शब्द मला फार आवडतो. हौशी नाटकवाला नोकरी सांभाळून नाटक करतो. हौसेसाठी काय पणाला लावायचं नाही, हे त्याला ठाऊक असतं. सिनेमातले बॉक्सर सगळं पणाला लावतात. ते सिनेमात ठीक आहे.

असो. पुण्या-मुंबईतही आता असे क्लास आहेत. जायचं असेल तर जरूर जा, वयाचं काही मनावर घेऊ नका. फक्त पहिल्या दिवशी फी भरण्याआधी विचारा, डोक्यावरचं स्पारिंग सक्तीचं आहे का? आणि कोणी "मला नको" म्हटलं तर त्याच्याकडे तिथले लोक कसे बघतात, ते नीट बघा. क्लास चांगला की वाईट, ते तिथेच कळेल.