शाईचा डाग आणि क्लोएचे प्रेम

काळवंडलेल्या आभाळाखालून एक मुलगा आणि एक मुलगी धावत आहेत. एकच वस्त्र दोघांनी डोक्यावर धरले आहे. ती भेदरून मागे पाहते. तो मात्र तिच्याकडे पाहतो. पिएर ऑग्युस्त कोत याचे ‘वादळ’ हे चित्र १८८० साली पॅरिसच्या ‘सलों’ या वार्षिक प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा समीक्षकांना एकच प्रश्न पडला : ही दोघे कोण?

काहींना ‘पॉल आणि व्हर्जिनी’ ही फ्रेंच कादंबरी आठवली. तिच्यातही अशीच पावसातली धावपळ आहे. इतरांनी डाफ्निस आणि क्लोए यांची नावे घेतली. मुलाच्या कमरेचे गुराख्याचे शिंग पाहता हा दुसरा तर्क अधिक पटतो.

डाफ्निस हे मुळात ग्रीक पुराणकथांतील सिसिलीच्या गुराख्याचे नाव. लॉन्गस या लेखकाने इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात ते उचलले आणि लेस्बॉस बेटावर नवी कथा रचली. टाकून दिलेली दोन अर्भके. एकाला शेळीने पाजले, दुसरीला मेंढीने. दोघे एकत्र गुरे राखतात आणि प्रेमात पडतात. पण प्रेम म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक नसते.

झाक आम्योने १५५९ मध्ये ही कथा फ्रेंचमध्ये आणली. मात्र त्याच्यासमोरच्या संहितेत पहिल्याच भागात मोठी गाळ होती आणि हरवले होते नेमके प्रेमाचे उगमस्थान! अडीचशे वर्षे फ्रेंच वाचकांनी ही प्रेमकथा तिच्या आरंभावाचून वाचली.

१८०९ साली पोल-लुई कूरिए या माजी तोफखाना अधिकाऱ्याला फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयातील हस्तलिखितात तो मजकूर सापडला. डाफ्निस लांडग्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडतो, त्याला वर काढले जाते, आणि त्यानंतर क्लोएचे मन अस्वस्थ होते. आपल्याला कोणता आजार जडला, हे तिला कळत नाही. म्हणजे प्रेम प्रथम जागते ते तिच्या मनात. डाफ्निसला ते नंतर उमगते.

कूरिएने मजकूर उतरवून घेतला आणि त्याच पानावर शाई सांडली. ग्रंथपाल संतापला. डाग मुद्दाम पाडल्याचा आरोप झाला. कूरिए अपघात म्हणत राहिला. १८१० मध्ये त्याने पूर्ण संहिता छापली.

चित्रकारांनी मात्र या शोधाची फारशी दखल घेतलेली दिसत नाही. फ्रांस्वा जेरारच्या १८२४ च्या सुमाराच्या चित्रात डाफ्निस फुलांचा मुकुट गुंफतो आणि क्लोए झोपलेली आहे. कोतच्या चित्रातील मुलगी, ती क्लोए असलीच तर, घाबरलेली आहे. प्रेमाने पाहण्याचे काम दोन्हीकडे मुलाकडेच! गंमत अशी की ‘वादळ’ काढून घेतले ते एका स्त्रीनेच. न्यूयॉर्कच्या कॅथरीन लोरिलार्ड वुल्फ यांनी. त्यांच्या मृत्यूनंतर, १८८७ मध्ये, चित्र मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे गेले.

आणि क्लोएच्या पहिल्या अस्वस्थतेचे ते पान? ते फ्लॉरेन्समध्येच आहे, डागासकट.