एका टनाची ऐट

युरोपच्या कार्बन परवान्याशी तुमची ओळख करून द्यायची, पण समोर दाखवू काय? संगणकातली एक नोंद, एवढाच त्याचा देह. ऐट मात्र जहागीरदाराची. वीजकेंद्राने, पोलादाच्या किंवा सिमेंटच्या कारखान्याने एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, की वर्षाच्या हिशेबाला एक परवाना हजर करायचा. नाही केला तर टनामागे १०० युरोंहून जास्त दंड, आणि वर परवाना द्यावा लागतो तो लागतोच.

जन्म २००५चा, बालपण अतिलाडात गेलेलं. सरकारांनी जवळजवळ सगळे परवाने फुकट वाटले, तेही गरजेपेक्षा जास्त. एप्रिल २००६मध्ये खऱ्या उत्सर्जनाचे आकडे बाहेर आले आणि ३० युरोंच्या आसपास मिरवणारी स्वारी थोड्याच दिवसांत निम्म्यावर आली. २००७ सरताना किंमत उरली काही सेंट.

तब्येत नाजूक. मंदी आली की अंथरूण धरतो. २००८नंतर कारखाने थंडावले, परवाने पडून राहिले आणि एप्रिल २०१३मध्ये भाव ३ युरोंच्याही खाली गेला. २०१९पासून जास्तीचे परवाने बाजारातून बाजूला काढण्याची सोय झाली, तेव्हा कुठे अंगात बळ आलं. फेब्रुवारी २०२३मध्ये गड्याने पहिल्यांदा १०० युरो ओलांडले.

नव्या शोधांचा विषय निघाला की हा कॉलर ताठ करतो. दावा अगदीच पोकळ नाही. राफाएल कालेल आणि आंत्वान दशेझलेप्रेत्र या अर्थशास्त्रज्ञांनी पेटंटं तपासली. परवान्याच्या कक्षेतल्या कंपन्यांची कमी-कार्बन तंत्रज्ञानातली पेटंटं सुमारे १० टक्क्यांनी वाढलेली त्यांना दिसली. सगळ्या युरोपच्या हिशेबात मात्र ही भर १ टक्क्याहूनही कमी.

सौरऊर्जेचं श्रेय तर त्याला मुळीच घेऊ देऊ नका. तो मान जर्मनीच्या २०००च्या कायद्याचा. छतावरच्या सौरविजेला २० वर्षं ठरलेला दर, सुरुवातीला युनिटमागे ९९ फेनिग! गिऱ्हाईक पक्कं झालं, म्हणून कारखाने उभे राहिले, पुढे चीनमध्येही, आणि पॅनेल स्वस्त होत गेलं. जुन्या कोळशाला हुसकावण्यात परवाना वाकबगार आहे. प्रयोगशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या यंत्राला मोठं करणं त्याला एकट्याला जमत नाही. यात कमीपणा काहीच नाही. राग येतो तो दोन्ही कामं त्याच्याच गळ्यात घालून मोकळं होणाऱ्यांचा.

त्याचा सगळ्यात लोभस गुण लिलावात विकला गेल्यावर दिसतो. त्या पैशाचा एक वाटा इनोव्हेशन फंडात जातो. स्वीडनच्या हायब्रिट प्रकल्पात कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून लोहखनिजापासून लोखंड करतात. त्यालाही या फंडातून मदत मंजूर झाली. धुराचे पैसे बिनधुराच्या भट्टीला, हे मला मनापासून पटतं.

आता स्वारी सीमेवर जाऊन उभी आहे. जानेवारी २०२६पासून युरोपात येणाऱ्या पोलादालाही, म्हणजे भारतातल्याही, त्याच्याच भावाने किंमत लावली जाते. युरोपातल्या कारखान्यांना होणारं परवान्यांचं फुकट वाटपही २०३४पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद व्हायचं आहे. न्याय सारखा दिसतो खरा, पण वसूल झालेला पैसा तिकडेच राहतो. आपल्याकडच्या हायड्रोजनच्या भट्टीला त्यातलं काही मिळावं अशी तरतूद सीमेवरच्या या आकारणीच्या कायद्यात नाही, आणि ती असायला हवी होती.