टाकीतलं पाणी, फोनवर

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन पहिली ‘जलदूत’ रेल्वे लातूरला आली. 10 वॅगन, सुमारे 5 लाख लिटर. तेव्हापासून आमच्या घरात पाणी नजरेनं मोजायची सवयच जडली.

आता ते काम ईएसपी8266 ही वाय-फाय चिप करते. गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवलाय. तो आवाजाची लहर सोडतो, पाण्यावरून ती परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. सेन्सर 5 व्होल्टचा, चिपची पिन 3.3 व्होल्टची, म्हणून मध्ये दोन रेझिस्टर.

मे महिन्यात मात्र दुपारी, कुणी पाणी न भरताच, पातळी चढलेली दिसू लागली. दोन दिवस डोकं खाजवलं. मग उमगलं, 20 अंशांना सेकंदाला 343 मीटर धावणारा आवाज 40 अंशांना 355 मीटर धावतो. दीड मीटरवर 5 सेंटिमीटरची चूक! आपल्या उन्हाचा हिशेब कोडमध्ये घालायलाच हवा होता. तापमानाचा छोटा सेन्सर जोडला, आकडा जागेवर आला.

आकडे थिंगस्पीक या ऑनलाइन सेवेवर जातात. नांदेडला, गोदाकाठी राहणारी ताई रोज सकाळी ते बघते. आज तिचाच फोन आला, “अरे, 40 टक्केच उरलंय, जपून वापरा.”