वारा नसेल तर कूलर काय करणार?

मे महिन्यात संध्याकाळी सातला कल्याण-शीळ रस्त्यावर माझी हिमालयन 411 जितकी तापते, तितकी माळशेज चढतानाही तापत नाही. या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नाही. ऑइल आतली उष्णता उचलून पुढच्या छोट्या ऑइल कूलरमध्ये आणतं आणि समोरचा वारा ती घेऊन जातो. कूलरला पंखा नाही. घाटात वारा मिळतो. शीळफाट्यावर मिळतो तो पुढच्या ट्रकचा धूर.

हे आठवायचं कारण आमचा दादा. चुलतभाऊ. राहतो कोपरलाच, जिथे दिवा-वसईची लाइन मेन लाइनच्या डोक्यावरून जाते. एमआयडीसीतली नोकरी गेल्यावर त्याने जुनी महिंद्रा एमएम 540 घेतली. पावसाळ्यात मुरबाडकडच्या चिखलवाटांवर तो पर्यटकांना फिरवतो आणि त्या चार महिन्यांवर वर्ष काढतो. मिस्त्री म्हणाला, इंजिन वाचवायचं तर ऑइल कूलर बसवा. मजुरीसकट 14 हजार. जूनमध्ये मुलीची फी जवळपास तेवढीच. दादाने मला विचारलं, "तुझ्या फटफटीला आहे, मग माझ्या जीपला का नको?"

सवाल चोख होता. फोर-लोमध्ये इंजिन ओरडत असतं आणि गाडी सरकते ताशी सात-आठ किलोमीटरने. उष्णता भरपूर, म्हणजे कूलर हवाच. पण वारा कुठाय? जीपमध्ये मुख्य काम पाणी करतं आणि रेडिएटरमागचा पंखा इंजिनवरच फिरतो, त्यामुळे गाडी उभी असली तरी हवा ओढली जाते. नव्या कूलरला सोयीची जागा रेडिएटरच्या पुढे. तिथे लावला की रेडिएटरला तापलेली हवा मिळते आणि दोघांच्या फटीत चिखल जाऊन बसतो. शिवाय दोन लांब होज पाइप. दगडाला घासून एक फाटला की ऑइल बाहेर, प्रेशर शून्य, इंजिन जाम. मला गरमीपेक्षा त्या होजची भीती जास्त वाटते.

आणि ऑइल जितकं थंड तितकं बरं, असंही नाही. साधारण 90 ते 110 अंशांत ते सुखी असतं. फार थंड राहिलं तर ज्वलनातून आलेलं पाणी उडून न जाता त्यातच मुरतं. म्हणून चांगल्या किटमध्ये थर्मोस्टॅट असतो. उलट बाजूला, फार तापल्यावर दर 10 अंशांना ऑइल बिघडण्याचा वेग दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणजे 'तापतंय' एवढ्यावर 14 हजार घालवायचे नाहीत. किती तापतंय ते आधी बघायचं.

फी भरली आणि 1,800 रुपयांत ऑइलच्या तापमानाचा काटा आणला. (प्रेशरचा काटा वेगळा, लोक गल्लत करतात.) सेन्सर ऑइल चेंबरला. सात माणसं घेऊन माळशेज: 104. चिखलात पाऊण तास फोर-लो: 118, आणि पाण्याचा काटाही वर. मग रेडिएटर उतरवून मागच्या बाजूने पाणी मारलं. वाळका चिखल, गवताचं बी, एक अख्खा नाकतोडा निघाला. पंख्याभोवतीचं तुटकं कडं बदललं. त्याच वाटेवर पुढच्या खेपेला 109.

हे आपल्या सह्याद्रीतल्या तासाभराच्या चिखलाचं झालं. राजस्थानच्या वाळूत दिवसभर टर्बो डिझेल रेटायचं असेल किंवा मागे ट्रेलर ओढायचा असेल, तर मी कूलर लावीन, तोही पंखावाला. मात्र बऱ्याच आधुनिक डिझेल इंजिनांत ऑइल फिल्टरपाशी कूलंटवर चालणारा छोटा ऑइल कूलर कंपनीतूनच येतो. बाजारातला किट घेण्याआधी आपल्या गाडीत तो आहे का, हे बघून घ्या.

दादाने काट्यावर 125 पाशी मुलीच्या लाल नेलपॉलिशची खूण केलीय. काटा तिथे पोचला की थांबायचं, बॉनेट उघडायचं, पण इंजिन लगेच बंद करायचं नाही. पंखा आणि पाणी फिरू द्यायचं. गेल्या पावसाळ्यात दोनदा थांबावं लागलं. पर्यटकांची काही तक्रार नव्हती, ते तेवढ्यात धबधब्यापाशी फोटो काढून आले.